आंजनटोल्याच्या तलावातलं बेट

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत मिळून तलावाचं टेरेन मॉडेल करणारा पहिला माणूस मी! हे मला कुणी विचारलेलं नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, अजूनही कुणी विचारत नाही, म्हणून आपणहून सांगतो आहे. त्या पहिल्या मॉडेलनं पुढे काय केलं तेही मग ओघानं सांगावं लागेल. पण आधी कौतुक होऊन जाऊ द्या.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमचं खातं तलावांचं होतं. त्याचं पूर्ण नाव लिहीत नाही, कारण त्यातली बरीच मंडळी पेन्शन खाऊन सुखात आहेत. वडश्याला आमचं ऑफिस, आणि तिथं मी आरेखक, म्हणजे नकाशे काढणारा. जन्मभर टेबलावर ओणवं राहून माझ्या पाठीला असा बाक आला होता, की रस्त्यानं जाताना लोकांना वाटे, याचं काहीतरी पडलं आहे. अशात ऑफिसात कॉम्प्युटर आला. त्याच्यावरचं प्लास्टिक काढायचं की नाही, याबद्दल बराच काळ वरिष्ठांशी पत्रव्यवहार चालला. शेवटी काढायचं ठरलं आणि कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढणं, शिकायला मला नागपूरला पाठवलं. दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. मी मात्र याला 'निवड' म्हणत असे.

नागपूरला जे शिकलो ते थोडक्यात सांगतो. मोजणीत जमिनीवरचे बिंदू मिळतात आणि प्रत्येक बिंदूला उंची असते. हे बिंदू कॉम्प्युटरला दिले की तो शेजारच्या बिंदूंना रेघांनी जोडून त्रिकोण करतो आणि त्रिकोणांची एक चादर जमिनीवर अंथरतो. खड्डा असेल तिथं चादर खाली जाते, टेकडी असेल तिथं वर येते. झालं मॉडेल! पण खरी करामत पुढे आहे. सगळे बिंदू एका चादरीत शिवायचे नाहीत. पाळीचं, म्हणजे तलावाच्या बांधाचं मॉडेल वेगळं, पाण्याच्या पातळीचं वेगळं, तळाचं वेगळं. एकाच पातेल्यात वरण, भात आणि खीर शिजवली तर त्याला कुणी जेवण म्हणत नाही. वेगवेगळी मॉडेलं झाली की ती एकावर एक ठेवायची आणि वजाबाकी करायची. कुठं किती पाणी, कुठं किती माती, सगळं कॉम्प्युटर सांगतो.

परत आल्यावर बायकोनं विचारलं, काय शिकलात? मी ताटातली पोळी उलगडून तिला दोन पापुद्र्यांवर समजावून सांगायला लागलो. तिनं पोळी काढून घेतली.

आता आंजनटोला. वडश्यापासून जंगलाच्या अंगाला हे गाव, आणि गावापेक्षा गावचा तलाव मोठा, मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला. गावात ढिवरांची तीसेक घरं, आणि त्या सगळ्यांचं पोट या एका तलावावर. त्यांची मच्छीमार सोसायटी होती, आणि सोसायटीची अध्यक्ष भागीरथाबाई. अंगानं किरकोळ, पण बोलायला लागली की समोरचा माणूस आपोआप खुर्चीवरून उठे. सोसायटीचा मासे धरण्याचा ठेका पुढच्या उन्हाळ्यात संपणार होता. नवा ठेका द्यायचा तर तलावाचं ताजं मोजमाप दप्तरी हवं, असा नियम नुकताच निघाला होता. म्हणून भागीरथाबाईच ऑफिसात येऊन मागे लागली, की मोजा बापा आमचा तलाव. पावसाळ्याआधी ठेका हातात नसला तर मासोळीचं बी, म्हणजे माशांची पिल्लं, तलावात सोडता येणार नव्हतं, आणि बी नाही तर पुढचं सगळं वर्ष नाही.

कार्तिकात, तलाव काठोकाठ भरलेला असताना, मी मोजणीला गेलो. मी पाळीवर, नागपूरहून भाड्यानं आणलेल्या दुर्बिणीच्या यंत्राला डोळा लावून. पाण्यात डोंगा. डोंगा हाकायला इसरू नावाचा तगडा गडी, आणि खोली मोजायला दादाजी. दादाजी म्हणजे सोसायटीतले सगळ्यांत म्हातारे; त्यांचं अर्धं आयुष्य त्या पाण्यावर आणि उरलेलं पाळीवर जाळं दुरुस्त करण्यात गेलं होतं. त्यांच्या हातात हाताहातावर रंगाचे पट्टे मारलेला लांब बांबू. डोंगा कुठं आहे ते माझं यंत्र सांगणार, तिथं पाणी किती ते दादाजींचा बांबू सांगणार. ओरडलेलं ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या. एक बोट म्हणजे एक हात पाणी. काठाजवळ डोंगा जमिनीला घासला, मोजायला पाणीच उरलं नाही, की बांबू आडवा ठेवायचा. म्हणजे शून्य.

सकाळ छान गेली. चार बोटं, सहा बोटं, नऊ बोटं. डोंगा तलावाच्या मधोमध आला आणि मला दुर्बिणीत दिसलं, की दादाजींनी बांबू आडवा ठेवला आहे आणि हात जोडून मान लववली आहे. मी म्हटलं, शून्य. आणि हात जोडले आहेत ते मला! एवढं मोठं यंत्र चालवणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटणं साहजिक होतं. मीही यंत्रामागून हात उंचावून आशीर्वाद दिला आणि शून्य लिहिलं. डोंगा जरा पुढे सरकला. पुन्हा बांबू आडवा, पुन्हा नमस्कार. पुन्हा आशीर्वाद, पुन्हा शून्य. त्या भागात म्हाताऱ्यानं मला इतके नमस्कार केले, की माझा खांदा भरून आला.

तलावाच्या ऐन मध्यभागी पाणी शून्य कसं, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही. मी प्रशिक्षण घेतलेला माणूस होतो.

ऑफिसात येऊन मी बिंदू कॉम्प्युटरला दिले. पाळीचं मॉडेल वेगळं केलं, पाण्याचं वेगळं केलं, तळाचं वेगळं केलं. मग तळाच्या मॉडेलवर पाण्याचं मॉडेल ठेवलं आणि खुर्चीतच उडालो. तलावाच्या मध्यभागी, चारी बाजूंनी खोल पाणी असताना, एक डोंगर तळापासून थेट पाण्याच्या पातळीपर्यंत वर आला होता! गोल, सुबक, माथ्यावर सपाट. गेली शंभर वर्षं कुणाला न दिसलेलं बेट मला दिसलं होतं. वडश्यात हिवाळ्यात नाटकांच्या पोस्टरवर नायिकेचे गाल रंगवतात, तितक्या मनापासून मी ते बेट हिरवं रंगवलं आणि नकाशा साहेबांपुढे ठेवला.

साहेब म्हणजे उपअभियंता कारखानीस. घाटावरचे, सज्जन, आणि आमच्या भागात बदली झाल्यापासून एकाच विचारानं पछाडलेले: इथून जाताना आपल्या नावाचं काहीतरी मागे राहिलं पाहिजे. तोवर त्यांच्या नावाची एक मोरी होती, तीही पहिल्या पावसात वाहून गेली होती.

त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. "निखारे, हे काय?"

"बेट, साहेब. माथा पाण्याच्या बरोबरीला आहे, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येईल."

"डोळ्यांना दिसत नाही आणि तुम्हाला दिसलं?"

"वेगवेगळी मॉडेलं केली ना, साहेब."

साहेबांनी चपराश्याला सांगून दार लावून घेतलं आणि पेन्सिलीनं त्या बेटावर एक लहानसं झाड काढलं.

झाडाखाली दुसऱ्या दिवशी बाक आला. तिसऱ्या दिवशी पक्षी बघायचा मनोरा आला. आठवडाभरात बेटावर इतकी गर्दी झाली, की मला बेट थोडं मोठं करू का असं विचारावं लागलं. जिल्ह्याच्या बैठकीत साहेबांनी माझा रंगीत नकाशा भिंतीवर लावला. जिल्ह्याचे मोठे साहेब म्हणाले, पर्यटन म्हणजे हेच. बेट मंजूर झालं! आणि त्याच कागदावर खाली एक ओळ आली, की पर्यटन होणार असल्यानं या तलावातला मासेमारीचा ठेका पुढील आदेशापर्यंत देऊ नये.

भागीरथाबाई दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलापुढे उभी. मी उठलो.

"बाबू, तलाव मोजा मनलं होतं, अटकवा नव्हतं मनलं. आमचा ठेका काऊन थांबवला जी?"

मी तिला अडाणी समजून चिडलो वगैरे नाही. उलट शेजारी खुर्ची दिली आणि पडद्यावर बेट फिरवून फिरवून दाखवलं. वरून, खालून, आजूबाजूनं. तिचे डोळे विस्फारले.

"तिथी त मायचा डोह हाय," ती हळूच म्हणाली. "आमच्या सासऱ्याच्या सासऱ्याले बी त्याचा तळ नाई भेटला."

"होता," मी म्हणालो. "डोह होता. आता बेट आहे."

माझी समजूत होती की ती वाद घालेल. ती वाद घालायला आलीही होती. पण पडद्यावरचं ते हिरवं बेट बघता बघता तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती एसटीनं गावी गेली, आणि संध्याकाळच्या आत साऱ्या आंजनटोल्यात बातमी झाली, की डोहातली माय, गावची देवी, वर येऊन राह्यली, अन् सरकारनं तिचा फोटो काढला!

मला धक्का बसला तो इथून पुढे. मला वाटलं होतं गाव मला खोटं पाडेल. गावानं तर मला सरकारपेक्षा जास्त खरं मानलं. इस्तारी नावाच्या शेतकऱ्यानं दावा केला की तलाव बांधायच्या आधी तिथं त्याच्या आजोबाची बांधी, म्हणजे धानाचं शेत होतं, तेव्हा बेट त्याचं. त्याच्या चुलतभावानं सांगितलं की आजोबा एकच असले तरी बांधी आपल्या वाट्याची. दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. मायसाठी बायकांनी मंगळवार धरले. काही उत्साही मंडळींनी तिथं जत्रा कधी भरवायची याची बैठक घेतली आणि तीत पाळण्यावाल्याला जागा कुठं द्यायची यावरून हाणामारी झाली. पाळणा जिथं उभा राहायचा होता तिथं त्या वेळी निव्वळ पाणी होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एकटी भागीरथाबाई मुद्दा सोडत नव्हती. दर बाजाराच्या दिवशी ती ऑफिसात येई आणि तेच विचारी. माय वर आली तर येऊ द्या ना, मासे खालीच राहतील की नाही? मग खालचा ठेका आम्हाला द्या, वरचं बेट तुम्हाला ठेवा. तुम्हीच म्हणता ना वेगवेगळं करावं? मला तिचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बिनचूक वाटे. मी तसा शेरा लिहून साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी त्यावर लिहिलं, 'चर्चा करावी', आणि चर्चा केली नाही.

उन्हाळा लागला. पाणी उतरू लागलं. साहेब दर सोमवारी मला तलावावर पाठवत आणि मी दर सोमवारी येऊन सांगत असे, अजून नाही. होळी झाली, अजून नाही. रामनवमी झाली, अजून नाही. पाणी पाळीवरून इतकं खाली गेलं की मॉडेलप्रमाणे आतापर्यंत बेटावर माणसानं शेळी चारायला हवी होती. माझी झोप उडाली. आणि मग चैत्राच्या शेवटी एका सोमवारी मी पाळीवर चढलो आणि धपकन खालीच बसलो.

बेट वर आलं होतं!

तलावाच्या मधोमध, हिरवंगार, गोल, मी रंगवलं होतं तसंच. त्याच्यावर बगळे चालत होते. मी मिळेल त्या एसटीनं वडश्याला जाऊन साहेबांना सांगितलं, साहेबांनी जीप काढली, पाळीवर उभं राहून बराच वेळ पाहिलं आणि मला मिठी मारली. आयुष्यात उपअभियंत्यानं आरेखकाला मिठी मारल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. पाणी आकसलं तशी तलावभर पसरलेली जलपर्णी आकसत आकसत मध्ये जमा झाली होती, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. पण तलावात जलपर्णी असते हे गावात सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे ते कुणी कुणाला सांगितलं नाही.

भूमिपूजनाचा दिवस ठरला. पाळीवर मांडव पडला. वडश्याच्या नाटक मंडळाचे भोंगे आणले आणि माइकवर त्याच मंडळातला लटारू. याचा आवाज असा, की नुसतं "हॅलो" म्हटलं तरी लोक डोळे पुसत. जिल्ह्याचे मोठे साहेब आणि पाहुणे मांडवात बसले. कार्यक्रम असा ठरला होता, की पाहुण्यांच्या आधी कारखानीस साहेबांनी बेटावर जाऊन सतरंजी अंथरायची, मग पाहुण्यांना आणायचं.

डोंग्यात आम्ही तिघं. साहेब पुढे, नवे कोरे बूट, एका बगलेत सतरंजी आणि दुसऱ्या हातात नारळ. मध्ये मी, नकाशा घेऊन. मागे बांबूनं डोंगा ढकलणारे दादाजी. दुसऱ्या डोंग्यात भागीरथाबाई हळदीकुंकू घेऊन, आणि इसरू. तिनं मला आदल्या दिवशी बजावलं होतं, की बेटावर पाय ठेवल्या ठेवल्या साहेबांकडून ठेक्याचं कबूल करून घ्यायचं. देवाच्या जागी माणूस नाही म्हणत नाही.

नकाशाप्रमाणे आमचा डोंगा एव्हाना बेटाच्या उतारावर चढला होता. डोंग्याला ते कळत नव्हतं.

"निखारे, आता किती?" साहेबांनी विचारलं.

"आलंच, साहेब. मॉडेलप्रमाणे आपण या क्षणी जमिनीवर आहोत."

तेवढ्यात डोंगा जलपर्णीला टेकला आणि थांबला. मी मागे पाहिलं. दादाजींनी बांबू आडवा ठेवला होता आणि हात जोडून मान लववली होती. माझ्या जिवात जीव आला. शून्य! म्हणजे मोजणी बरोबर होती.

साहेबांना वाटलं नमस्कार त्यांना आहे. त्यांनीही नारळासकट मान झुकवली आणि विचारलं, "काय बाबा, उतरू ना?"

दादाजी म्हणाले, "माय वर आली असन त झेलन, साहेब."

पाळीवरून लटारूचा आवाज घुमला. "आणि आता... आदरणीय कारखानीस साहेब... आपल्या तालुक्याच्या इतिहासातलं पहिलं पाऊल... बेटावर ठेवत आहेत... साहेबांनी पाऊल ठेवलेलं आहे..."

साहेबांनी पाऊल ठेवलेलं होतं.

"...साहेब दिसत नाहीत."

ज्या जागी साहेब होते तिथं जलपर्णीत एक गोल भोक होतं आणि त्यातून बुडबुडे येत होते. बगळे उडाले. सतरंजी वर आली. नारळ वर आला. साहेब आले नाहीत! मी डोंग्याच्या दोन्ही कडा धरून नुसता 'साहेब, साहेब' करत होतो. माझ्या मॉडेलमध्ये ते ज्या डोंगराच्या माथ्यावर उभे होते, त्या डोंगरातून ते खाली चालले होते.

भागीरथाबाईनं हळदीकुंकवाचं ताट बाजूला टाकलं.

"इसरू, टाक जाळं."

इसरूनं फेकलेलं जाळं हवेत छत्रीसारखं उघडलं आणि त्या भोकावर पडलं. मग तो आणि ती ओढायला लागले. जाळं जड लागलं तशी भागीरथाबाई सवयीनं पुटपुटली, "मोठी दिसते." वर आले ते कारखानीस साहेब, चष्म्यासकट, कानात जलपर्णी, आणि त्यांच्या सोबतीला एक रोहू आणि काही मरळ. इसरूनं सवयीप्रमाणे आधी मासे काढले, मग साहेबांना काढलं.

साहेब शुद्धीवर होते. कसाबसा मी दादाजींकडे वळलो आणि विचारलं, की बाबा, बांबू आडवा ठेवलात, म्हणजे शून्य ना?

"कायचं सुन्न, बाबू?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "मायच्या डोहात बांबू टाकत नाई आमी. तिची खोली माणसानं मोजाची नसते. म्हनून बांबू ठेवला अन् हात जोडले. तुमी पाळीवरून हात वर केला. मले वाटलं, तुमाले समजलं."

जे काही नमस्कार मी कार्तिकात घेतले होते, ते सगळे पाण्याखाली दुसऱ्याच्या नावानं जमा होते.

त्यानंतर साहेब क्वार्टरमध्ये अंथरुणावर. वैशाखात, जेव्हा वडश्यात कावळेसुद्धा सावली शोधतात, तेव्हा साहेब घोंगडं पांघरून थरथरत होते. पायाशी मी. मला निलंबित करायचं की आधी ताप उतरू द्यायचा, यावर त्यांचा विचार चालला होता. अशात भागीरथाबाई आली. हातात पिशवी, पिशवीत साहेबांच्या सोबतीला आलेला तोच रोहू.

तिचं म्हणणं सरळ होतं. पावसाळा तोंडावर आला, बी सोडायचं आहे, बेट नाही हे आता सगळ्यांनी बघितलं, तेव्हा ठेका द्या.

"बेट मंजूर आहे, बाई," साहेब घोंगड्यातून म्हणाले. "मंजूर झालेलं बेट 'नाही' असं म्हणता येत नाही. आहे म्हणून जिल्ह्यात नोंद आहे. मोठ्या साहेबांनी मान्य केलेलं आहे. नव्हतंच म्हटलं, तर मग मान्य कुणी केलं आणि काय केलं? माझं जाऊ द्या, पण..." त्यांना शिंक आली.

"म्हंजे होतं?"

"होतं."

"अन् आता नाई?"

"आता नाही."

भागीरथाबाईचा संयम संपला. "मंग आमी काढून टाकलं म्हना ना, साहेब! सोसायटीनं खोदून काढलं म्हना. नसलेलं बेट काढाले आमाले का जड जाते जी?"

बाई टोमणा मारून पिशवी उचलायला वाकली होती. साहेब मात्र हळूहळू उठून बसले. घोंगडं खाली पडलं. ताप त्याच क्षणी उतरला असावा.

"निखारे," ते म्हणाले, "आधीचं मॉडेल आहे ना? बेट असलेलं?"

"आहे, साहेब."

"आता नवीन मोजणी करा. वेगळं मॉडेल करा. दोघांची वजाबाकी करा."

वजाबाकी हा तर माझा विषय! दुसऱ्याच दिवशी आंजनटोल्याला गेलो. दादाजी पुन्हा डोंग्यात, पुन्हा बोटं. डोहाच्या जागी त्यांनी पुन्हा हात जोडले. या वेळी मी आशीर्वाद दिला नाही. मीही हात जोडले. आता तिथली खोली काय लिहायची? दादाजींनीच तोड काढली. माणसानं मायची खोली मोजायची नाही, पण मायनं आपणहून एक माणूस आत घेतला, तर तो कुठवर गेला होता ते सांगायला हरकत नाही. इसरूनं जाळ्याची दोरी किती लागली ते दाखवलं. मी तेवढी खोली लिहिली. आमच्या दप्तरी त्या बिंदूपुढे 'का. सा.' असं लिहिलेलं आहे. बिंदू घेण्याची ही पद्धत नागपूरला शिकवत नाहीत.

वजाबाकी केली आणि मी दुसऱ्यांदा खुर्चीतून उडालो. कॉम्प्युटरनं सांगितलं की या दोन मॉडेलांच्या मधल्या काळात आंजनटोल्याच्या तलावातून एवढी माती काढली गेली आहे, की तिच्यात सबंध गावाचा पाया घालून वर पाळ बांधता आली असती. तीसेक घरांनी, पाण्याखालून, एकही घमेलं ओलं न करता! जिल्ह्यात खळबळ उडाली. मोठे साहेब सद्गदित झाले. श्रमदान म्हणजे हेच, ते म्हणाले. एका तपासनीसानं विचारलं, की काढलेली माती कुठं टाकली? त्यासाठी मी तिसरं मॉडेल वेगळं करून दिलं.

सोसायटीचा सत्कार झाला. भागीरथाबाईला शाल दिली आणि चार शब्द बोलायला सांगितलं. ती माइकपुढे उभी राहिली. एवढं मोठं बेट कसं काढलंत, असं लटारूनं तिला भरल्या गळ्यानं विचारलं. ती म्हणाली, "हळूहळू." टाळ्या थांबता थांबेनात. इस्तारी आणि त्याचा चुलतभाऊ मात्र तोंडं पाडून बसले होते, कारण त्यांच्या आजोबांची बांधी सरकारच्या डोळ्यांदेखत गावानं खोदून नेली होती. त्या दुःखात ते पुन्हा एकमेकांशी बोलू लागले.

साहेबांची बदली झाली, कोकणात. तिकडे खरी बेटं आहेत. आता ती त्यांच्यावर सोपवणं कितपत सुरक्षित आहे, हे मी बोललो नाही.

आणि मृगाच्या आधी ठेका निघाला. कागद घेऊन मीच आंजनटोल्याला गेलो. पाळीवर सोसायटीची सगळी मंडळी जमली होती, मासोळीचं बी घेऊन मुलचेऱ्याकडचा बंगाली व्यापारी सकाळपासून खोळंबला होता. मी अटी वाचून दाखवल्या. त्यातली शेवटची अट कारखानीस साहेबांनी जाता जाता स्वतःच्या हातानं घातली होती: 'सदर तलावात बेट पुन्हा वर आल्यास ते सोसायटीने स्वतः श्रमदानाने काढून टाकावे, अन्यथा ठेका रद्द होईल.'

भागीरथाबाईनं एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा बियांच्या पातेल्यांकडे. मग पदराला हात पुसून सही केली.

"बाबू," तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "तुमच्या त्या डब्यात पाहत राहजा जी. वर याले लागलं त आधी मले सांगजा. पावसाआधी काढून टाकू."

ती हसत होती की नाही, मला कळलं नाही. मला तिच्याकडे पाहण्याचं धाडस झालं नाही.

बी तळ्यात सुटलं. त्या वर्षी मासोळी चांगली झाली. मी निवृत्त होईपर्यंत दर उन्हाळ्यात, ऑफिसात कुणी नसताना, एकदा ते मॉडेल उघडून बघत असे. न जाणो!